आयर्लंडची जनगणना जळाली, पण वर्कहाऊसच्या वह्या उरल्या; त्यातून खापरपणजोबा असा शोधतात

२०१९ चा डिसेंबर. मालवण तालुक्यातल्या वराड गावात पाहुणे आले होते. पाहुणे साधे नव्हते, आयर्लंडचे तेव्हाचे पंतप्रधान होते. लिओ वराडकर कुटुंबासोबत आपल्या वडिलांचं मूळ गाव बघायला आले होते. वराडकरांचं एक बरं होतं, गावाचा पत्ता आडनावातच होता.

पण ज्या देशाचे ते पंतप्रधान होते, त्या देशातून बाहेर गेलेल्यांचं तसं नाही. आख्ख्या आयर्लंड बेटाची लोकसंख्या आज सत्तर लाखांच्या आसपास आहे आणि जगभरात आपलं मूळ आयरिश सांगणारे लोक त्याच्या कितीतरी पट आहेत. ओबामा २०११ मध्ये मनीगॉल नावाच्या छोट्या गावात गेले, बायडन २०२३ मध्ये बॅलिनात गेले. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांसाठी पूर्वज शोधून द्यायला माणसं मिळतात. ज्याचा खापरपणजोबा १८४७ साली उपाशीपोटी जहाजात चढला आणि मागं फक्त 'आम्ही कॉर्कचे' एवढंच सांगून गेला, त्या साध्या माणसानं काय करायचं?

आणि तो पूर्वज इतका गरीब असेल की त्याच्या नावावर जमीन नाही, घर नाही, मृत्युपत्र नाही, तर?

तर त्याचं नाव सापडण्याची एक शक्यता उरते. वर्कहाऊसच्या नोंदवह्या.

आधी जनगणनेचं काय झालं ते बघू

आयर्लंडमध्ये १८२१ पासून दर दहा वर्षांनी नावानिशी जनगणना होत होती. म्हणजे कागदोपत्री सगळं व्यवस्थित होतं. मग १९२२ उजाडलं. देशात यादवी युद्ध सुरू झालं, डब्लिनमधल्या फोर कोर्ट्स इमारतीत बंडखोर गट शिरून बसला आणि सरकारी फौजांनी तोफा लावल्या. या इमारतीच्या आवारातच देशाचं सार्वजनिक अभिलेखागार होतं. ३० जून १९२२ ला तिथं प्रचंड स्फोट झाला, आग लागली आणि कित्येक शतकांची कागदपत्रं एका दिवसात गेली. जळालेले कागद डब्लिनच्या रस्त्यांवर उडत होते.

त्यात १८२१, १८३१, १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेचे जवळपास सगळे कागद होते. थोडे तुकडे तेवढे वाचले.

बरं, मग पुढच्या जनगणना? त्याचा दोष आगीला देता येत नाही. १८६१ आणि १८७१ चे मूळ फॉर्म सरकारनंच आकडेवारी काढून झाल्यावर नष्ट केले. १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धात कागदाचा तुटवडा पडला म्हणून लगद्यात गेले. थोडक्यात, बेटाची पूर्ण वाचता येणारी सगळ्यात जुनी जनगणना १९०१ ची. तोवर दुष्काळात देश सोडलेल्यांची नातवंडंही मोठी झाली होती.

वर्कहाऊसच्या वह्या मात्र डब्लिनला आल्याच नव्हत्या. त्या त्या भागातल्या मंडळाचे ते स्थानिक कागद, त्यामुळे गावोगावच्या कचेऱ्यांत, माळ्यांवर, तळघरांत पडून होते. काही ओलीनं गेले, काही त्याच धामधुमीच्या काळात वर्कहाऊसच्या इमारती पेटवल्या गेल्या तेव्हा जळाले. पण एका आगीत सगळे गेले नाहीत, एवढं नशीब.

वर्कहाऊस म्हणजे नक्की काय?

१८३८ मध्ये ब्रिटिश संसदेनं आयर्लंडसाठी गरीब कायदा केला. देशाचे १३० भाग पाडले, त्यांना 'युनियन' म्हणायचं. प्रत्येक युनियन एखाद्या बाजारपेठेच्या गावाभोवती आखलेली आणि प्रत्येकीत एक वर्कहाऊस. जॉर्ज विल्किन्सन नावाच्या वास्तुविशारदानं ठरावीक साच्यात या इमारती काढल्या, त्यामुळे बेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्या बहिणी-बहिणींसारख्या दिसतात. पुढे दुष्काळात आणखी युनियन वाढवाव्या लागल्या आणि आकडा १६३ वर गेला.

खर्च कोणी करायचा? त्या भागातल्या जमीनधारकांनी, करातून. कारभार कोणी बघायचा? करदात्यांनी निवडलेल्या आणि काही पदसिद्ध सदस्यांच्या 'बोर्ड ऑफ गार्डियन्स'नी.

नियम मुद्दाम कडक होते. वर्कहाऊसमधलं जगणं बाहेरच्या गरिबातल्या गरीब मजुरापेक्षाही वाईट हवं, म्हणजे खरोखर दुसरा इलाज नसलेलाच माणूस आत येईल, हा त्यामागचा विचार. यायचं तर आख्ख्या कुटुंबानं यायचं. दारात अंगावरचे कपडे काढून घ्यायचे, आंघोळ, संस्थेचे कपडे. आणि मग बाप एका विभागात, आई दुसऱ्या, मुलगे तिसऱ्या, मुली चौथ्या. अगदी तान्हं मूल तेवढं आईजवळ. पुरुषांनी खडी फोडायची, बायकांनी धुणं आणि सूतकताई. खायला आधी बटाटे आणि ओटची पेज, बटाटा गेल्यावर 'इंडियन मील'ची पेज. नावात इंडियन असलं तरी ते अमेरिकेतून आणलेलं मक्याचं पीठ होतं.

वहीत काय लिहायचे?

पूर्वज शोधणाऱ्यांसाठी सगळ्यात मोलाची वही म्हणजे दाखल झालेल्यांचं आणि बाहेर पडलेल्यांचं रजिस्टर. मोठं, जाड, दोन पानांवर पसरलेले रकाने. नाव, स्त्री की पुरुष, वय, लग्न झालंय की नाही, विधवा की विधुर, कामधंदा, धर्म, काही अपंगत्व असेल तर ते, नवऱ्याचं किंवा बायकोचं नाव, मुलं किती, आत आला तेव्हाची अवस्था, राहायचं ठिकाण, दाखल तारीख आणि शेवटी बाहेर पडल्याची किंवा मेल्याची तारीख.

यातला सोन्याचा रकाना राहायच्या ठिकाणाचा. आयर्लंडमध्ये 'टाउनलँड' नावाचं जमिनीचं सगळ्यात छोटं एकक आहे. आपल्याकडची वाडी समजा, फक्त तिच्या हद्दी पक्क्या ठरलेल्या. बेटावर अशा साठ हजारांहून जास्त टाउनलँड आहेत. परदेशात गेलेल्यांच्या कागदांवर बहुतेक वेळा नुसतं 'आयर्लंड' असतं, फार तर परगण्याचं नाव. वर्कहाऊसच्या वहीत मात्र कितीदा थेट वाडी सापडते.

आता गरिबांच्या पत्त्याची एवढी काळजी कारकुनाला का? काळजीबिळजी काही नव्हती, हिशेब होता. युनियनचे आणखी छोटे भाग असायचे, त्यांना इलेक्टोरल डिव्हिजन म्हणत. माणूस ज्या डिव्हिजनचा, त्याच्या पेजेचा खर्च त्या डिव्हिजनच्या करदात्यांवर टाकला जाई. म्हणून दारातच विचारायचे, कुठला रे तू? खर्च कोणाच्या माथी मारायचा या भांडणातून टिपलेला पत्ता आज जगभरच्या लोकांना आपल्या गावापर्यंत नेतोय.

एक ओळ कशी वाचायची?

उदाहरणादाखल अशी नोंद धरा. बाई, वय ३०, विवाहित, धर्म रोमन कॅथलिक, नवरा अमेरिकेत, मुलं तीन, कपडे फाटके, अमुक टाउनलँड, दाखल मार्च १८४७. तिच्याखालच्या तीन ओळींत त्याच आडनावाची, त्याच दिवशी आलेली तीन मुलं, वय ८, ५ आणि २.

चार ओळींत एक घर उभं राहिलं. कुटुंब सहसा लागोपाठच्या क्रमांकांवर एकत्र लिहिलं जातं, त्यामुळे नुसतं एक नाव शोधून थांबायचं नसतं, वरच्या-खालच्या ओळी वाचायच्या असतात. 'नवरा अमेरिकेत' या दोन शब्दांवरून न्यूयॉर्क किंवा बॉस्टनच्या बंदरातल्या यादीकडे वळता येतं.

मग डोळे शेवटच्या रकान्याकडे जातात. तिथं चौघांची तारीख एकच असेल आणि 'बाहेर पडले' असेल, तर कुटुंब जगलं आणि एकत्र निघालं. पण दुष्काळाच्या वर्षांत अनेकदा तसं नसतं. दोन वर्षांच्या मुलापुढे एप्रिलमधली तारीख, पाच वर्षांच्या मुलापुढे त्यानंतरच्या आठवड्यातली आणि दोन्हीपुढे 'मृत'. आईपुढे महिनाभरानंतरची. वंशावळीचा छंद म्हणून सुरू केलेला शोध या रकान्यापाशी येऊन अनेकांना जड जातो.

काही खाचखळगेही आहेत. नावाचं स्पेलिंग कारकुनाच्या कानावर. पश्चिम आयर्लंडमधले बरेच जण फक्त आयरिश भाषा बोलायचे, लिहिणारा इंग्रजीत लिहायचा. आडनावापुढचं 'ओ' किंवा 'मॅक' कधी आहे, कधी गायब. एकाच माणसाचं आडनाव दोन नोंदींत दोन तऱ्हांनी असू शकतं. वयावर तर अजिबात विसंबायचं नाही. तीस, चाळीस, पन्नास असे गोल आकडे फार दिसतात, कारण विचारणाऱ्यालाही घाई आणि सांगणाऱ्यालाही जन्मसाल ठाऊक नाही. आणि तोच माणूस वर्षात चार वेळा आत-बाहेर केलेला असू शकतो. शेतीचा हंगाम आला की बाहेर, हिवाळा आला की परत आत. त्यामुळे पहिली नोंद सापडली म्हणून वही मिटायची नाही.

महाराष्ट्रात २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरं उघडली गेली, मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे कष्ट वेगळे सांगायला नकोत. एका रकान्यातल्या एका शब्दावर किती अवलंबून असतं ते इथंही तसंच.

१८४७ आणि पाव एकराची अट

१८४५ मध्ये बटाट्यावर करपा आला. पुढच्या वर्षी जवळपास सगळं पीक गेलं. दुष्काळात साधारण दहा लाख लोक मेले आणि दहा लाखांहून जास्त देश सोडून गेले. १८४१ ला ८१ लाखांच्या वर असलेली लोकसंख्या १८५१ ला ६५ लाखांवर आली.

वर्कहाऊस बांधली होती सुमारे एक लाख लोकांसाठी. १८५० च्या उन्हाळ्यात आत अडीच लाखांहून जास्त लोक होते. तापाच्या साथी आल्या. १८४७ च्या एप्रिलमध्ये एकाच आठवड्यात देशभरच्या वर्कहाऊसमध्ये अडीच हजारांहून जास्त मृत्यू झाले.

त्याच वर्षी कायद्यात एक कलम घुसलं. डब्लिनचे खासदार विल्यम ग्रेगरी यांनी आणलेलं, म्हणून 'ग्रेगरी कलम'. पाव एकराहून जास्त जमीन कसणाऱ्याला मदत मिळणार नाही. म्हणजे पेज हवी तर जमीन सोड. आणि जमीन सोडली की झोपडीही गेली, कारण जमीनदार मागे घर पाडून मोकळा.

या कलमाचा पूर्वज शोधण्याशी थेट संबंध आहे. आयर्लंडमध्ये जनगणनेच्या जागी लोक 'ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन' नावाची यादी बघतात. कोण कुठल्या टाउनलँडमध्ये किती जमीन कसतो, याची ही कर-आकारणीची यादी १८४७ ते १८६४ या काळात प्रसिद्ध झाली, ऑनलाईन फुकट बघता येते. पण क्लेअर, गॉलवे, मेयो या पश्चिमेच्या परगण्यांचा नंबर आला तोवर १८५५ उजाडलं होतं. ज्यांनी पाव एकरासाठी जमीन सोडली ते त्या यादीत नाहीत. बरेच जण तिथं नाव न मिळाल्यावर शोध सोडून देतात. खरं तर नाव मिळत नाही तेव्हाच वर्कहाऊसची वही उघडायची वेळ आलेली असते.

वह्या आहेत कुठे?

सगळ्यात मोठी चूक म्हणजे परगण्याच्या नावावर शोधणं. वर्कहाऊस परगण्याचं नसायचं, युनियनचं असायचं आणि युनियनच्या सीमा परगण्यांच्या सीमा ओलांडून जायच्या. एखादं कुटुंब एका परगण्यात राहून शेजारच्या परगण्यातल्या वर्कहाऊसमध्ये गेलेलं असू शकतं. म्हणून आधी टाउनलँड किंवा निदान जवळचं बाजारपेठेचं गाव कळायला हवं, मग युनियन ठरवायची. पीटर हिगिनबॉटम या अभ्यासकाच्या वर्कहाऊसविषयीच्या वेबसाईटवर युनियननिहाय माहिती मिळते.

टाउनलँडचा पत्ताच नसेल तर १८६४ नंतरच्या जन्म-मृत्यू-लग्नाच्या सरकारी नोंदी कामाला येतात. मागे राहिलेल्या भावाबहिणींपैकी कुणाची तरी नोंद तिथं असते. या नोंदी आयर्लंड सरकारच्या वंशावळ संकेतस्थळावर मोफत आहेत आणि गंमत म्हणजे त्यांचे जिल्हे पाडले होते ते याच गरीब कायद्याच्या युनियननुसार. म्हणजे दाखल्यावर जिल्हा दिसला की युनियन कळलीच. कॅथलिक चर्चची १८८० पर्यंतची पुस्तकं राष्ट्रीय ग्रंथालयानं २०१५ पासून मोफत ऑनलाईन ठेवली आहेत, पण त्यात अक्षर लावायचे कष्ट आपले आपण.

युनियन ठरली की वही कुठं ते बघायचं. डब्लिन शहराच्या दोन्ही युनियनची रजिस्टरं राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, १८४० पासूनची, आणि फाइंडमायपास्ट या वर्गणीच्या साईटवर नावानं शोधता येतात. आजच्या उत्तर आयर्लंडमधल्या २८ युनियनचे कागद बेलफास्टच्या सरकारी अभिलेखागारात आहेत. तिथं शंभर वर्षांच्या आतले वैयक्तिक तपशील सहसा बघू देत नाहीत. बाकी सगळं परगण्याच्या ग्रंथालयांत आणि स्थानिक अभिलेखागारांत विखुरलंय. कॉर्कसारख्या काही ठिकाणी रजिस्टरं चांगली टिकली आहेत. कित्येक युनियनची मात्र फक्त सभावृत्तांची पुस्तकं उरलीत.

सभावृत्त म्हणजे गार्डियन मंडळाच्या दर आठवड्याच्या बैठकीचा वृत्तांत. यात आठवड्याला आत किती, मेले किती, पीठ किती पोती असे आकडे असतात, सामान्य माणसाचं नाव क्वचित. पण नाव येतं तेव्हा त्यामागे काहीतरी घडलेलं असतं. कुणाला शिक्षा झाली, कुणाचं मूल दुसऱ्या घरी सांभाळायला दिलं किंवा कुणाला मंडळाच्या खर्चानं परदेशी पाठवलं.

परदेशी पाठवलेल्या मुली

यातलीच एक ठळक गोष्ट म्हणजे १८४८ ते १८५० ची अर्ल ग्रे योजना. वसाहतमंत्री अर्ल ग्रे यांच्या नावानं ओळखली जाणारी. ऑस्ट्रेलियात घरकामाला आणि लग्नाला मुली कमी, आयर्लंडच्या वर्कहाऊसमध्ये अनाथ मुली जास्त, असा सरळ व्यवहार. दोन वर्षांत चार हजारांहून जास्त किशोरवयीन मुली सिडनी, मेलबर्न आणि ॲडलेडला गेल्या. प्रत्येकीला एक लाकडी पेटी: सहा शेमीज, सहा जोड मोजे, दोन जोड बूट, दोन गाऊन, फ्लॅनेलचे दोन परकर. बऱ्याच जणींकडे आयुष्यात पहिल्यांदाच एवढे कपडे आले असतील.

आज ऑस्ट्रेलियात ज्यांच्या घरात अशी एखादी पणजी निघते, त्यांना शोध उलट्या बाजूनं करता येतो. सिडनीला उतरलेल्या मुलींच्या यादीत वय, धर्म, लिहिता-वाचता येतं का, मूळ ठिकाण आणि आईवडिलांची नावंही आहेत. मुलींची नावं ऑस्ट्रेलियातल्या आयरिश दुष्काळ स्मारकाच्या ऑनलाईन यादीत शोधता येतात. हे स्मारक सिडनीच्या हाइड पार्क बराकींपाशी आहे, याच बराकींत त्यांना उतरवलं जायचं. तिथून आईवडिलांची नावं घेऊन मग आयर्लंडच्या वहीत मागे जायचं.

जाता जाता, या दुष्काळाचा एक धागा भारतातही आहे. कंपनी सरकारच्या फौजेत आयरिश सैनिक भरपूर होते. कलकत्त्यात आयर्लंडच्या मदतीसाठी समिती झाली आणि सुमारे १४ हजार पौंड पाठवले गेले. मुंबईतही निधी जमला. परदेशातून आलेल्या सुरुवातीच्या मोठ्या मदतींमध्ये ही मदत मोजली जाते.

वही संपते तिथं

रजिस्टर मृत्यूची तारीख सांगतं, पुरलं कुठं ते सांगत नाही. २००५ मध्ये किल्केनी शहरात जुन्या वर्कहाऊसच्या जागेवर बांधकामाआधी खोदकाम सुरू होतं. तिथं दुष्काळातल्या सामूहिक दफनाचे खड्डे सापडले. पुरातत्त्वज्ञांनी किमान ९७० माणसांचे सांगाडे मोजले, त्यात मुलं खूप. कुठला सांगाडा कोणाचा, हे सांगणारी खूण एकावरही नव्हती.

आयर्लंड स्वतंत्र झाल्यावर वर्कहाऊस बंद झाली, पण इमारती राहिल्या. काहींची 'काउंटी होम' झाली, काहींची रुग्णालयं. पोर्टम्ना इथल्या वर्कहाऊसमध्ये आता संग्रहालय आहे. ट्यूम गावातल्या वर्कहाऊसमध्ये १९२५ ला नन्सनी चालवलेलं माता-बाल गृह आलं, अविवाहित मातांसाठी. ते १९६१ ला बंद झालं. कॅथरीन कॉर्लेस या स्थानिक इतिहास अभ्यासक बाईंनी तिथल्या मुलांच्या मृत्यूचे दाखले एकेक करून मागवले. ७९६ निघाले. दफनाच्या नोंदी मात्र मिळेनात. २०१७ मध्ये तिथल्या जमिनीखाली लहान मुलांचे अवशेष असल्याचं सरकारी चौकशीत स्पष्ट झालं आणि जुलै २०२५ मध्ये पूर्ण उत्खनन सुरू झालं. अवशेषांची ओळख पटवता यावी म्हणून नातेवाइकांकडून डीएनए नमुने घेतले जात आहेत. नमुना द्यायला पुढे येणाऱ्यांत त्या मुलांची भावंडंही आहेत, आता म्हातारी झालेली.